प्रेमकादंबरी आणि केदारखेड्याचा वाचक



मराठी कादंबरीचा इतिहास आपण या पुस्तिकेत टप्प्याटप्प्याने पाहत आहोत. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून हरिभाऊ आपट्यांपर्यंत, तेथून फडके-खांडेकरांपर्यंत आणि पुढे 'कोसला' (१९६३) नंतरच्या कादंबरीपर्यंत हा प्रवास आहे. या प्रत्येक टप्प्यावर स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची कथा कोठे ना कोठे येतेच. तरीही 'प्रेमकादंबरी' हा शब्द उच्चारला, की अभ्यासकाचा स्वर थोडा बदलतो. 'रंजनपर', 'लोकप्रिय', 'वेळ घालवण्यापुरती' अशी विशेषणे लावून एका परिच्छेदात तिची बोळवण केली जाते. प्रस्तुत लेख या बोळवणीविषयी आहे. ती अन्यायकारक आहे असे माझे मत आहे. त्यातही अधिक अन्याय तिच्या लेखकांपेक्षा तिच्या वाचकांवर झाला आहे.

वाचक म्हणताना कोणता वाचक डोळ्यांसमोर आणावा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. प्रेमकादंबरीची चर्चा करताना आपल्या समीक्षेपुढे बहुधा पुण्या-मुंबईचा मध्यमवर्गीय वाचक असतो. आपण तो बाजूला ठेवू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव आहे. कापूस, सोयाबीन, मका, पावसाची वाट आणि बाजारभावाची चिंता यांनी जेथील वर्ष आखलेले असते, अशा भागातले हे गाव. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी पुष्कळदा अशाच गावातला असतो. शिक्षण मध्येच सुटलेली आणि लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेली सून असते, दिवसा शेतात राबून रात्री अभ्यासाला बसणारा तरुण असतो. या वाचकाला समकालीन, भावगर्भ प्रेमकादंबरी का ओढून घेते, हा आपला प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. वास्तव रूक्ष असते, म्हणून माणूस स्वप्नात रमतो. प्रेमकादंबरी ही पळवाट आहे. हे उत्तर सोपे आहे, आणि ते देणाऱ्याला स्वतःविषयी बरे वाटायला लावते. पण ते पटत नाही. पळायचेच असेल तर पळण्यासाठी प्रेमाची कथा ही फार वाईट जागा आहे. चांगल्या प्रेमकादंबरीत वाचकाला काय सापडते? नकार, संशय, वाट पाहणे, घरच्यांचा विरोध, चुकलेली निवड, उशिरा समजलेले सत्य. थकलेल्या माणसाने विसाव्यासाठी असे काही निवडावे, याचा अर्थ तो विसाव्यापेक्षा वेगळे काही शोधत आहे.

माझ्या मते तो निवडीचा अनुभव शोधत असतो. ज्या समाजात जोडीदार निवडण्याचा निर्णय बहुतांशी आई-वडील, मामा-काका, जात, शेतीचे क्षेत्र आणि देण्या-घेण्याची बोलणी यांच्या हाती असतो, त्या समाजात 'मला कोण हवे आहे' हा प्रश्न स्वतःला विचारण्याची जागाच फारशी नसते. प्रेमकादंबरी ही जागा देते. तेथे एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीची निवड करते आणि त्या निवडीचे परिणाम भोगते. ज्याला निवडीचा हक्क जन्मतः मिळाला आहे, त्याला यात गंमत वाटेल. ज्याला तो मिळालेला नाही, त्याला यात आपल्या आयुष्यातला सर्वांत गंभीर विषय दिसेल. म्हणूनच केदारखेड्याच्या वाचकाला मी भाबडा वाचक म्हणणार नाही. प्रेमकादंबरीतला खरा पेच त्याला इतरांपेक्षा लवकर कळतो.

हे बोलणे हवेतले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी, बीड, जालना या मराठवाड्यातील जिल्ह्यांत मुलींच्या अल्पवयीन विवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आढळले. आणि राज्याची सरासरीही सुमारे २२ टक्के, म्हणजे कमी नाहीच. वयाच्या सतराव्या वर्षी ज्या मुलीचे लग्न ठरते, तिला कोणी विचारून ठरवत नाही. पुढे तिशीत ती बी. ए. ला नाव घालते आणि एखादी प्रेमकादंबरी वाचते, तेव्हा ती पळून कोठेही जात नाही. आपल्याला न विचारलेला प्रश्न ती पहिल्यांदा वाचत असते.

आता जरा मागे जाऊ, कारण प्रेमकथा ही या भागात शहरातून आलेली चीज आहे असा एक समज आढळतो. केदारखेड्याच्या तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहन काळातील या भरभराटीच्या नगराचे अवशेष तेथील उत्खननात सापडले आहेत; हस्तिदंताची एक सुरेख स्त्रीप्रतिमाही त्यांत आहे. याच सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे पैठणशी, हाल राजाने संकलित केलेल्या 'गाथासप्तशती'चे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सुमारे सातशे गाथा आज स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी आवृत्तीमुळे आपल्याला सहज वाचता येतात. त्यांत राजवाडे थोडे आहेत. नांगरणारा शेतकरी, त्याची बायको, वाटसरू, गोदेचा काठ, कापसाचे शेत हेच तिचे जग आहे. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री आहे, सासूचा डोळा चुकवणारी सून आहे. म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईच्या मनातली ओढ हा साहित्याचा विषय आहे, हे या मातीला दोन हजार वर्षांपूर्वीपासून माहीत होते. मध्येच ते आपण विसरलो.

पूर्णपणे विसरलोही नाही. पैठणच्याच एकनाथांनी १५७१ साली काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. या ग्रंथाची एक परंपरा मराठी घरांत अजून टिकून आहे: मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून तिला या ग्रंथाचे पारायण करायला सांगतात. आता या कथेत काय आहे, ते पाहा. एका मुलीचे लग्न तिच्या भावाने आपल्या पसंतीच्या मुलाशी ठरवले आहे. मुलीला ते मान्य नाही. ज्याला तिने पाहिलेलेही नाही, केवळ ऐकून मनाने वरले आहे, त्याला ती स्वतः पत्र लिहिते, मला घेऊन जा असे कळवते, आणि ऐन लग्नाच्या वेळी त्याच्याबरोबर निघून जाते. घरच्यांनी ठरवलेले लग्न सुरळीत पार पडावे म्हणून घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडणाऱ्या मुलीची कथा वाचायला लावायची, ही विसंगती आपल्या समाजाने कित्येक पिढ्या निमूटपणे सांभाळली. एकनाथांनी या कथेला जीव-शिवाच्या मीलनाचा अर्थ दिला आहे, हे खरे. तरी चौरंगावर पोथी ठेवून बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी रुक्मिणीच्या पत्रापाशी येऊन थांबत असेल, तेव्हा तिच्या मनात केवळ अध्यात्मच येत असेल असे मानणे कठीण आहे.

जात्यावरच्या ओव्यांतही याचे प्रतिबिंब आहे, पण उलट्या बाजूने. ओवीत माहेर येते, आई येते, भाऊ तर भरभरून येतो. नवरा येतो तो 'चुडा', 'कुंकू' अशा नावांनी. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, त्याच्याविषयी थेट बोलायला बाईजवळ मान्यताप्राप्त शब्द नव्हते. सौभाग्याच्या चिन्हांआडून बोलावे लागत होते. प्रेमकादंबरीने आधुनिक मराठी वाचकाला काही दिले असेल, तर पहिल्याप्रथम हे शब्द दिले.

विसाव्या शतकात हे काम ना. सी. फडके यांनी मोठ्या प्रमाणावर केले. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९), 'अटकेपार' (१९३१) या त्यांच्या कादंबऱ्यांनी महाराष्ट्रातल्या एका पिढीला प्रेमाची भाषा शिकवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये त्यांनी कथानकाची गुंफण आणि उकल यांचे तंत्रही मांडले. पण त्यांच्या नायक-नायिकांचे जग सुशिक्षित, सुखवस्तू आणि बरेचसे नीटनेटके होते. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या समीक्षकांनी या रंजनवादी परंपरेवर कठोर टीका केली, ती या संदर्भात लक्षात घ्यावी. ती टीका बरीचशी खरी आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला, की फडक्यांच्या प्रेमकथेबरोबर प्रेमकथा हा विषयच हलका ठरला. जणू कादंबरी गंभीर व्हायची तर तिने प्रेम टाळले पाहिजे.

मग भावनिक खोली म्हणजे काय? हा शब्द आजकाल पुस्तकांच्या मलपृष्ठांवर इतका सढळ वापरला जातो, की त्याचा अर्थच पातळ झाला आहे. अश्रूंच्या प्रमाणावर खोली ठरत नाही. शेवट दुःखान्त असल्यानेही ती येत नाही. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या अनुवादांतून मराठीत आल्या आणि त्यांच्या मागून झुरणाऱ्या नायकांची एक रांगच आपल्याकडे आली. झुरण्याला खोली समजण्याचा गैरसमज तेव्हापासून रूढ झाला असावा. मी दोन साध्या गोष्टी पाहतो. जिच्यावर प्रेम केले जाते, त्या व्यक्तीला कादंबरीत स्वतःची इच्छा आहे का, की ती केवळ प्रेम स्वीकारण्यासाठी उभी केलेली मूर्ती आहे? आणि प्रेमाची किंमत कोण मोजतो, हे लेखकाने दाखवले आहे का? या दोन्हींची उत्तरे प्रामाणिक असतील, तर कादंबरी लोकप्रिय आहे की प्रायोगिक, याने मला फरक पडत नाही.

पहिल्या कसोटीसाठी वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घेता येईल. या कादंबरीमुळे १९७४ चे ज्ञानपीठ मराठीकडे प्रथमच आले, हे आपण जाणताच. पण तिची रचना पाहा: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली कथा स्वतः सांगतात. एकच संसार तीन बाजूंनी उलगडतो. ययातीच्या तोंडून जे प्रेम वाटते, ते देवयानीच्या तोंडून अपमान ठरते आणि शर्मिष्ठेच्या तोंडून वेगळेच काही. खांडेकरांची अलंकृत शैली आज सर्वांना रुचेल असे नाही, मलाही ती काही ठिकाणी जड वाटते. तरी प्रेमात प्रत्येकाची बाजू वेगळी असते आणि प्रत्येकाला ती सांगण्याचा हक्क आहे, ही गोष्ट या रचनेने लाखो वाचकांपर्यंत पोहोचवली.

दुसऱ्या कसोटीसाठी विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) ला मराठीत तोड नाही. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारे जहाज, त्यावर चक्रधर हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी. प्रवासाच्या मोजक्या दिवसांत त्यांच्यात प्रेम निर्माण होते. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही, कारण तिच्याजवळ कोणताही देश उरलेला नाही. येथे प्रेमाच्या आड दुष्ट काका किंवा गैरसमज येत नाही. एक राजवट, एक पासपोर्ट आणि एक जग येते. आणि चक्रधराच्या मनाचा दुबळेपणाही येतो, जो लेखक झाकत नाही. छोटीशी कादंबरी आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचून झाल्यावर मात्र ती सहजासहजी संपत नाही.

याच दशकात मालतीबाई बेडेकरांनी 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) हा कथासंग्रह आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही कादंबरी लिहिली. 'हिंदोळ्यावर'ची नायिका अचला ही पतीने टाकलेली स्त्री आहे. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग नसलेल्या त्या काळात ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहण्याचा निर्णय घेते. पुस्तके गाजली, वादही मोठा झाला, आणि लेखिकेचे खरे नाव वाचकांना पुष्कळ वर्षे कळले नाही. प्रेमाविषयी स्पष्ट लिहिणाऱ्या स्त्रीला नाव झाकावे लागले, हा तपशील साहित्येतिहासातील गंमत म्हणून वाचू नये. प्रेमकादंबरी वाचणाऱ्या स्त्रीलाही पुस्तक झाकावे लागत होते. लेखिका आणि वाचक एकाच भीतीच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

ही भीती केवळ घरातली नव्हती, न्यायालयापर्यंत गेलेली होती. चंद्रकांत काकोडकर हे वाचनालयांतून सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कादंबरीकारांपैकी एक. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि शेवटी १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. कथा एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची आहे. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की केवळ कामभावनेचा उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरवायचे तर निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज काहीच विकता येणार नाही. कलाकृती संपूर्ण पाहिली पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे निकालपत्र समीक्षेचा नमुना म्हणूनही वाचण्यासारखे आहे. आमच्या समीक्षकांनी ज्या लेखकाची दखल घेण्याचे टाळले, त्याची एक कथा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी बारकाईने वाचली, यात काहीसा उपरोध आहे.

लपवण्याची गोष्ट निघालीच आहे, तर एक बदल नोंदवायला हवा. पूर्वी कादंबरी गावात येण्याचा मार्ग वाचनालयातून जात असे. मराठवाड्यात प्रथम १९५५ चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि पुढे १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय अधिनियम यांमुळे अनुदानित वाचनालये वाढली. काकोडकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे यांची पुस्तके अशा वाचनालयांतून हातोहात फिरली, कव्हर फाटेपर्यंत वाचली गेली. पण वाचनालयाच्या नोंदवहीत नाव लिहावे लागते. कोणी काय नेले हे चारचौघांना दिसते. बहुतेक वेळा पुस्तक आणायला भाऊ किंवा दीर जायचा, आणि जे तो आणील ते वाचायचे. आज 'प्रतिलिपी'सारख्या मंचांवर मराठी प्रेमकथा भागाभागांनी प्रसिद्ध होतात आणि भ्रमणध्वनीवर वाचल्या जातात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत एक भाग वाचून होतो, आणि काय वाचले हे कोणाला कळत नाही. गावातल्या स्त्रीला वाचनाचा असा एकान्त यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. या लेखनाचा दर्जा पुष्कळदा सामान्य असतो, श्रीमंत उद्योगपती आणि साधी मुलगी यांच्या कथा कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. तरीही त्या एकान्ताचे मोल मला त्या कथांच्या दर्जापेक्षा मोठे वाटते.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकेच्या मध्य भागातील एका गावातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांच्या गटाचा अभ्यास मांडला. त्या स्त्रिया दिवसभर घरातल्या सर्वांची काळजी घेत. पुस्तक उघडण्याची कृती हीच त्यांच्यासाठी 'हा वेळ माझा आहे' असे सांगण्याची रीत होती. आणि त्यांना कोणता नायक आवडे? काळजी घेणारा. सर्वांची काळजी घेणाऱ्या बाईला आपली काळजी घेणारे कोणी हवे असते, हे कळायला खरे तर अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. रॅडवेबाईंनी यापुढची शंकाही उपस्थित केली आहे: अशा वाचनाने मिळणारे समाधान प्रत्यक्ष आयुष्यातली तक्रार मवाळ करते का? ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर मी वर सांगितलेल्या कसोटीत शोधतो. किंमत न मोजणारी कादंबरी तक्रार मवाळ करते. किंमत मोजणारी कादंबरी तिला शब्द देते.

समकालीन कादंबरीत किंमत मोजण्याचे धाडस ज्यांनी दाखवले, त्यांत गौरी देशपांडे यांचे नाव आधी घ्यावे लागेल. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासून त्यांनी प्रेम, लग्न आणि स्वातंत्र्य यांचा हिशेब इतक्या निर्भीडपणे मांडला, की पुढच्या लेखिकांची वाट मोकळी झाली. सानियांच्या 'स्थलांतर' (१९९४) आणि 'आवर्तन' (१९९६) यांत, मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि' (२००५) मध्ये ही वाट पुढे जाते. पेठे यांनी तर लग्नविधीतील वचनच शीर्षकात घेऊन त्याची उलटतपासणी केली आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांचे कोवळे प्रेम सांगते, आणि ते प्रेम कोणा खलनायकामुळे नव्हे, तर मोठ्यांच्या जगाच्या साध्या हालचालीमुळे संपते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते. मराठी कुटुंबाच्या माजघरात पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम इतक्या सहजतेने याआधी क्वचितच आले होते.

ही सगळी पुस्तके मी मोठी मानतो. पण केदारखेड्यात बसून वाचताना त्यांच्यात एक अंतर जाणवते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. या नायिकांजवळ बहुधा स्वतःची नोकरी आहे, स्वतंत्र खोली आहे, निघून जायचे तर जायला जागा आहे. गौरी देशपांड्यांची नायिका घर सोडते तेव्हा ती कोठे राहील हा प्रश्न वाचकाला फारसा पडत नाही. कोरडवाहू जमिनीवरच्या घरातली बाई घर सोडायचे मनात आणते, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो. शिवाय जात. मराठी प्रेमकादंबरीने जातीला फार काळ 'घरच्यांचा विरोध' या मोघम शब्दांत गुंडाळून ठेवले. अण्णा भाऊ साठे यांनी 'आवडी'मध्ये जातीच्या भिंतीवर आदळणारे प्रेम सरळ नाव घेऊन लिहिले होते, पण त्या कादंबरीला प्रेमकादंबरीच्या चर्चेत कोणी बसवत नाही. २०१६ साली 'सैराट' चित्रपट गावोगाव एवढा का पाहिला गेला, याचे एक कारण हेच की कादंबरीने जे मोघम ठेवले ते पडद्याने स्पष्ट सांगितले.

मग आपल्या मातीतली, भावनेने खोल अशी प्रेमकादंबरी कोठे आहे? ती आहे, पण तिच्यावर 'ग्रामीण' अशी पाटी लागलेली आहे. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) घ्या. गंगाराम या गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती मराठवाडी बोलीत सांगते. आपण ती ग्रामीण कादंबरी म्हणून अभ्यासतो, गावगाड्याचे बदलते अर्थकारण तिच्यात शोधतो, आणि ते आहेही. परंतु मानी, हट्टी नवऱ्यावर जीव लावणाऱ्या, त्याचे चुकते आहे हे कळूनही त्याची बाजू समजून घेणाऱ्या बाईचे हे निवेदन आहे. हे प्रेम नव्हे तर काय आहे? 'प्रेम' हा शब्द पार्वतीच्या बोलीत नाही, म्हणून तिला प्रेम नाही असे आपण ठरवले.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची कादंबरी. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि तेव्हापासून शेतीच्या अरिष्टाची कादंबरी म्हणून ती सर्वत्र शिकवली जाते. शिकलेला, नोकरी न मिळाल्याने शेतीत राहिलेला एकनाथ आणि त्याची बायको अलका यांचा मोडत जाणारा संसार तिच्यात आहे. नापिकी आणि कर्ज यांचा परिणाम नवरा-बायकोच्या बोलण्यावर, स्पर्शावर, एकमेकांकडे पाहण्यावर कसा होतो, हे देशमुखांनी जसे दाखवले आहे तसे आकडेवारीत कधी दिसत नाही. अलकाला दोष देऊन मोकळे होणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांनी पहिली कसोटी लावून ती पुन्हा वाचावी: अलकाला स्वतःची इच्छा असण्याचा हक्क आहे की नाही?

आज तर हा विषय आणखी टोकाला गेला आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात ऐकू येते. मुलीच्या बापाला नोकरदार जावई हवा, स्वतः शेतकरी असला तरी. तिशी ओलांडलेले, अविवाहित, कर्ते तरुण गावोगाव आहेत. दुसरीकडे शिकलेल्या मुलीची स्वतःची पसंती आहे, पण ती विचारली जाते की केवळ पगाराच्या आकड्यात मोजली जाते, हे सांगणे अवघड. निवड नाकारली गेलेली मुलगी आणि कोणाच्याच निवडीत न बसणारा मुलगा, हे दोघे एकाच गावात, एकाच रस्त्यावर राहतात. यावरची प्रेमकादंबरी मराठीत अजून यायची आहे. ती पुण्यात बसून लिहिली जाईल असे मला वाटत नाही. ती लिहिणाऱ्याला ऐन बोलणीत बैठक मोडते तेव्हा घरात काय शांतता पसरते हे ठाऊक असावे लागेल, आणि 'पसंत आहे' हे दोन शब्द कोणाच्या तोंडून आले की खरे मानतात हेही.

स्वाध्याय म्हणून एक सुचवतो. 'पाचोळा' आणि पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (१९६२) लागोपाठ वाचा. दोन्हींची जोडी कोणी सहसा लावत नाही. 'सावित्री' ही केवळ पत्रांची कादंबरी आहे. सावित्री ज्याला पत्रे लिहिते त्याची उत्तरे आपल्याला वाचायला मिळत नाहीत. 'पाचोळा'त पार्वती ज्याच्याविषयी बोलते, त्याचे मनही आपल्याला त्याच्या शब्दांत कळत नाही. एक भाषा तरल, दुसरी मराठवाड्याच्या मातीतली. एक बाई देशोदेशींचे जग पाहिलेली, दुसरी गावाच्या वेशीतली. दोघींच्याही समोरचा पुरुष कादंबरीत गप्प आहे. वाचताना वहीची दोन पाने आखून घ्या आणि त्या दोघांच्या न आलेल्या उत्तरांचा मजकूर आपल्या शब्दांत लिहून पाहा. गंगारामचे उत्तर आपल्या बोलीत लिहा.